अपडेटनंतर फायली गेल्या कुठे?



मागच्या दिवाळीत या सदरातून आपण घरातल्या पासवर्डांची व्यवस्था कशी लावायची ते पाहिलं. यंदा कोणता विषय घ्यावा हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण विषय स्वतःच फोन करून घरी आला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून दर दोन-तीन दिवसांनी कुणी ना कुणी विचारत होतं, "अगं, लॅपटॉप अपडेट झाला आणि डेस्कटॉप रिकामा! फोटोंची नावं दिसतात, पण उघडत नाहीत. आता काय करू?" एक फोन नजमाहून, दोन अल वक्राहून, आणि अल खोरच्या काकूंनी तर थेट लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे पाठवून दिला.

आधी धीराची गोष्ट सांगते. या सगळ्या प्रकरणांत फायली हरवल्या नव्हत्या. त्या दुसऱ्या जागी होत्या, किंवा दुसऱ्या खात्यात होत्या. पण घाबरून केलेल्या एखाद-दुसऱ्या क्लिकने त्या खरोखरच गेल्या असत्या. म्हणून हा लेख. कापून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवलात तरी चालेल.

आत्ताच एवढे फोन का?

पहिलं कारण आपलं कतारमधलं वेळापत्रक. जूनअखेर शाळांना सुट्टी लागली की आपण मुलंबाळं घेऊन गावी जातो. घरचा लॅपटॉप दोन महिने कपाटात झोपलेला असतो. ऑगस्टअखेर परत येऊन, घर झाडून, एसी चालू करून तो उघडावा, तर दोन महिन्यांची अपडेट दारात रांग लावून उभी असतात. त्याच वेळी गावी फोनवर काढलेले हजारभर फोटोही खाली उतरायला बघत असतात. दोन्ही कामं एकदम सुरू झाली की गोंधळ होतोच.

दुसरं कारण या वर्षापुरतं. विंडोज १० ही आवृत्ती २०१५च्या जुलैमध्ये आली आणि तिला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेला संपणार हे मायक्रोसॉफ्टने आधीपासून जाहीर केलेलं होतं. त्यामुळे अनेक घरांनी याच काही महिन्यांत विंडोज ११वर उडी मारली. घर बदलताना जसं एखादं खोकं भलत्याच खोलीत जाऊन पडतं, तसं इथेही होतं.

सिंक म्हणजे काय, आणि काय नव्हे

मुळात शिक्षिका असल्यामुळे व्याख्येशिवाय मला पुढे जाता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

ज्याला आपण क्लाउड म्हणतो तो ढग आकाशात नसतो. तो कुठल्यातरी इमारतीतल्या कॉम्प्युटरांवर असतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२२मध्ये कतारमध्ये आणि गूगलने मे २०२३मध्ये दोह्यात अशी मोठी केंद्रं सुरू केली. ती मुख्यतः कंपन्या आणि सरकारी कामांसाठी आहेत. आपल्या मुलांचे फोटो तिथेच ठेवलेले असतात असा त्याचा अर्थ नाही. मुद्दा इतकाच, की ढग म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातलं कपाट.

सिंक म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि ते कपाट यांच्यातला करार: इथे जे होईल ते तिथे होईल, तिथे जे होईल ते इथे होईल. वर्गात दोन बाकांवर दोन वह्या ठेवल्या आहेत, आणि एका वहीत लिहिलेलं आपोआप दुसऱ्या वहीत उमटतं, अशी कल्पना करा. किती सोयीचं! पण एका वहीतलं पान फाडलं की दुसऱ्या वहीतलंही फाटतं. रबराने खोडलं की दोन्हीकडे खोडलं जातं.

म्हणूनच सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप ही कपाटात बंद करून ठेवलेली तिसरी वही, जिचा या दोघींशी रोजचा संबंध नाही. आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची असेल तर ती हीच. "माझं सगळं क्लाउडवर आहे" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ "माझ्याकडे प्रत एकच आहे" असा असतो.

अपडेटनंतर नेमकं काय बदलतं?

मी पाहिलेल्या सगळ्या तक्रारी तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार: पत्ता बदलला. विंडोजमध्ये तुमचा डेस्कटॉप हा खरं तर एक साधा फोल्डर असतो. सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स', त्यात तुमचं नाव, त्यात 'डेस्कटॉप'. वनड्राइव्हचं फोल्डर बॅकअप सुरू झालं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात नेले जातात. नवी आवृत्ती बसवताना आपण भराभर 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो आणि ही सोय सुरू होऊन बसते. मग एका नावाचे दोन डेस्कटॉप तयार होतात, एक जुन्या पत्त्यावर आणि एक नव्या. स्क्रीनवर त्यातला एकच दिसतो. दुसऱ्यातल्या फायली जागच्या जागी असतात, फक्त आपण त्या खोलीत गेलेलो नसतो.

दुसरा प्रकार: खातं बदललं किंवा सुटलं. अपडेटनंतर क्लाउडचं ॲप पुन्हा साइन इन मागतं. घरात नवऱ्याचं एक खातं, बायकोचं एक, मुलाचं शाळेचं एक. त्यातलं भलतंच टाकलं गेलं की समोर भलतंच कपाट उघडतं, आणि ते रिकामं असतं. कधी कधी विंडोज स्वतःच तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये उघडतं आणि कोरा करकरीत डेस्कटॉप दाखवतं. फेब्रुवारी २०२०मध्ये विंडोज १०च्या एका अपडेटनंतर अशा तक्रारी अनेक देशांतून आल्या होत्या. अशा वेळी एकही नवी फाइल न बनवता लॅपटॉप दोन-तीनदा रीस्टार्ट करून पाहायचा.

तिसरा प्रकार: फाइल इथे कधी नव्हतीच. लॅपटॉपवर जागा वाचावी म्हणून क्लाउडची ॲप फक्त फाइलची पाटी दाखवतात. खरी फाइल ढगात असते आणि टिचकी मारल्यावर खाली उतरते. रोज इंटरनेट असतं तेव्हा हे लक्षातही येत नाही. पण साइन इन सुटलं की पाट्या राहतात आणि माल येत नाही. "नावं दिसतात, उघडत नाहीत" ही तक्रार हमखास याच प्रकारातली.

हे ओळखायला चिन्हं शिकून घ्या, मुळाक्षरांसारखी. वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारी निळ्या रेघेचा ढग असेल तर फाइल फक्त ढगात आहे. पांढऱ्या गोलात हिरवी टिकमार्क असेल तर ती आत्ता लॅपटॉपवर उतरलेली आहे, पण जागा कमी पडली तर पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिकमार्क म्हणजे ती कायम लॅपटॉपवर राहणार. गोल फिरणारे बाण म्हणजे काम चालू आहे, चहा ठेवा. लाल फुली म्हणजे काहीतरी अडलं आहे. आणि खाली घड्याळाजवळ करडा, तिरकी रेघ मारलेला ढग दिसला तर तुम्ही साइन इनच केलेलं नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे घालते.

१. काहीही डिलीट करू नका, काहीही अनइन्स्टॉल करू नका, कुठलंही खातं घाईने काढून टाकू नका. 'रिकामा दिसतो, म्हणजे नको असलेला फोल्डर' असं समजून तो उडवू नका.

२. दुसऱ्या साधनावरून, म्हणजे फोनवरून किंवा नवऱ्याच्या लॅपटॉपवरून, ब्राउझरमध्ये त्या सेवेच्या वेबसाइटवर जा आणि आपल्या खात्याने साइन इन करा. फायली तिथे दिसल्या तर निम्मी काळजी मिटली. दुखणं फक्त लॅपटॉपच्या बाजूला आहे.

३. तिथे नसतील तर तिथलाच रिसायकल बिन पाहा. लॅपटॉपवरचा वेगळा आणि वेबसाइटवरचा वेगळा, हे अनेकांना ठाऊक नसतं. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात, गूगल ड्राइव्हमध्ये, आयक्लाउड ड्राइव्हमध्ये आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात डिलीट केलेल्या फायली साधारण ३० दिवस मिळतात. ऑफिसच्या किंवा शाळेच्या वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस. सुट्टीला जाण्याआधी काही उडालं असेल आणि तुम्ही दोन महिन्यांनी पाहिलं, तर ही मुदत टळून गेलेली असते.

४. लॅपटॉपवर कोणतं खातं चालू आहे ते पाहा. घड्याळाजवळच्या ढगावर टिचकी मारून सेटिंग्ज उघडा, तिथे ईमेल पत्ता दिसतो. तो अक्षर न् अक्षर वाचा. एकाच्याच दोन ईमेलमध्ये फक्त एका टिंबाचा फरक असल्याचं मी पाहिलेलं आहे.

५. आता दोन्ही पत्ते तपासा. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, आणि मग एकदा सरळ डेस्कटॉप, एकदा वनड्राइव्हमधून डेस्कटॉप. फाइलचं नाव आठवत असेल तर शोधपट्टीत टाका. मराठी नावं मराठीतच टाका.

६. मोठी आवृत्ती बदलली असेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज ओल्ड' नावाचा फोल्डर आहे का ते बघा. जुन्या व्यवस्थेचं सामान त्यात असतं. तो साधारण १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. जागा अडवतो म्हणून पहिल्याच दिवशी तो साफ करू नका.

७. फायली सापडल्या की आधी एक प्रत हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. दुरुस्ती त्यानंतर.

दुरुस्ती सोपी असते. सिंक थांबवून पुन्हा सुरू करणं, ॲप बंद करून उघडणं, लॅपटॉप रीस्टार्ट करणं, एवढ्यात बरंच जमून जातं. नाही जमलं तर 'अनलिंक धिस पीसी' करून त्याच खात्याने पुन्हा जोडायचं. अनलिंक केल्याने ढगातल्या फायली जात नाहीत. पण जी फाइल अजून वर चढलेलीच नाही ती फक्त लॅपटॉपवर असते, म्हणून सातव्या पायरीआधी ही पायरी नको.

काही अडथळे क्षुल्लक असतात, पण दिवस खातात. वनड्राइव्हचं मोफत खातं ५ जीबीचं असतं. डेस्कटॉप आणि फोटो आपोआप तिकडे जायला लागले की ते भरतं आणि सिंक जागीच थांबतं. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असतात. ते भरले की मेल येणंही बंद होतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ चालत नाही. मॅकवर हौसेने दिलेलं असं एखादं नाव म्हणून वनड्राइव्हला अडतं. गावी फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवला असेल आणि ते जोडणं मोजून वापरायचं म्हणून नोंदलेलं असेल, तर वनड्राइव्ह स्वतःहून थांबलेलं असतं, आणि तिकडे तयार केलेल्या फायली अजून वर गेलेल्याच नसतात.

आणखी एक नेहमीची गंमत. दोन लॅपटॉपवर एकच फाइल वेगवेगळी बदलली गेली, की दोन प्रती तयार होतात आणि एकीच्या नावाला लॅपटॉपचं नाव चिकटतं. आमच्या शुक्रवारच्या मराठी वर्गाची हजेरी सप्टेंबरात अशी दोन झाली होती. एकीत नवीन आलेली चार मुलं, दुसरीत जुन्यांचे नवे फोन नंबर. "जुनी दिसते ती टाकून दे," असा सल्ला लगेच मिळाला. तसं केलं असतं तर चार मुलं वर्गातूनच नाहीशी झाली असती. दोन्ही उघडायच्या, शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि एक करायची. पेपर तपासण्याची सवय अशी कामी येते.

आणि हा मोठा सापळा. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून फाइल डिलीट करू नका. ती ढगातूनही जाते, आणि फोल्डर सामायिक असेल तर गावी आई-बाबांच्या फोनवरूनही जाते. त्यासाठी फाइलवर उजवी टिचकी मारून 'फ्री अप स्पेस' हा पर्याय आहे. तो फक्त इथली प्रत काढतो.

मोठ्यांच्याही घरी घडतं

"एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांच्याकडून कशा फायली जातील?" असं माझ्या यजमानांनीच विचारलं होतं. त्यांना मी दोन घटना सांगितल्या.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चं मोठं अपडेट सोडलं आणि चारच दिवसांत, ६ तारखेला, ते थांबवलं. काही लोकांचे डॉक्युमेंट्स आणि फोटो पुसले गेले होते. कारण आपल्या आजच्या विषयातलंच आहे. या लोकांनी आपले फोल्डर दुसऱ्या जागी वळवलेले होते, काहींनी वनड्राइव्हच्या सोयीने. जुन्या पत्त्यावर त्याच नावाचा रिकामा फोल्डर उगाच दिसतो अशी तक्रार आधी आलेली होती, म्हणून अपडेटने तो जुना फोल्डर काढून टाकायचं ठरवलं. पण काहींचा जुना फोल्डर रिकामा नव्हता. आतल्या सामानासकट खोली पाडली गेली. कंपनीच्या म्हणण्यानुसार हे दहा हजारांत एकाला झालं. सुधारलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं. चाचणीत भाग घेणाऱ्या काहींनी ही अडचण आधीच कळवलेली होती, पण ती हजारो तक्रारींत दबून गेली. त्यानंतर कंपनीने तक्रारीसोबत तिची तीव्रता नोंदवण्याची सोय केली.

दुसरी घटना नोव्हेंबर २०२३ची. इथे कॉम्प्युटरचं नव्हे, तर गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपचं अपडेट झालं, आणि अजून वर न चढलेल्या फायली काहींना दिसेनाशा झाल्या. तेव्हा गूगलने दिलेला सल्ला मी वहीत लिहून ठेवला आहे: ॲपमधून खातं तोडू नका आणि ॲपचा डेटा असलेला फोल्डर हलवू किंवा पुसू नका. डिसेंबरमध्ये त्यांनी परत मिळवण्याची सोय दिली, आणि ती त्याच फोल्डरवर अवलंबून होती. घाईने सफाई केलेल्यांना तिचा उपयोग झाला नसता.

ऑफिसचं खातं

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख मनापासून लिहावासा वाटला, तो सांगते. माझ्या मैत्रिणीने सांगायला परवानगी दिली आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. भावजींनी नोकरी बदलली होती आणि येत्या गुरुवारी जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस होता. घरचा लॅपटॉप नुकताच नव्या आवृत्तीवर गेलेला. तिला पुढच्या कामासाठी विवाह प्रमाणपत्राची स्कॅन हवी होती आणि ती उघडत नव्हती. लॅपटॉप त्यांच्या स्वतःच्या पैशांचा, पण त्यावर भावजी ऑफिसची मेल पाहत असल्याने ऑफिसचं खातं जोडलेलं होतं. मी तिला पत्ता वाचायला सांगितला. डॉक्युमेंट्सच्या वरच्या फोल्डरच्या नावापुढे कंपनीचं नाव होतं. गेले काही आठवडे घरातला प्रत्येक कागद कंपनीच्या कपाटात जात होता.

काय काय होतं त्यात? शिक्के मारलेल्या पदव्या, विवाह प्रमाणपत्र, दोन्ही मुलींचे जन्मदाखले आणि लसीकरणाची कार्डं, अकरा वर्षांचे फोटो. आणि तिच्या सासऱ्यांनी नातींना फोनवर सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंग. सासरे गेल्या वर्षी गेले. फोन बदलताना मूळ संदेशही गेले होते. उरलं होतं ते एवढंच, आणि तेही पाटीच्या रूपात. माल ढगात.

वनड्राइव्हमध्ये कर्मचाऱ्याचं खातं काढल्यावर त्यातला मजकूर मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राखला जातो. ही मुदत कंपनी बदलू शकते. पण ते ३० दिवस कंपनीसाठी असतात. नोकरी सोडणाऱ्याचं साइन इन शेवटच्या दिवशीच बंद होऊ शकतं. तोपर्यंत खाली न उतरलेली प्रत्येक फाइल ही फक्त नाव उरते.

"मग आत्ताच ते खातं काढून टाकते," ती म्हणाली. मी म्हटलं, "हातही लावू नकोस." खातं तोडलं असतं तर पाट्याही गेल्या असत्या.

सोमवारी सकाळी भावजींनी ऑफिसच्या आयटी विभागाला रीतसर मेल लिहिली: आमचे खासगी कौटुंबिक फोल्डर या खात्यात गेले आहेत, ते उतरवून घ्यायची परवानगी द्या. ही पायरी गाळू नका. कंपनीच्या खात्यातून घाऊक फायली उतरवल्या की त्यांच्या यंत्रणेला संशय येऊ शकतो, आणि शेवटच्या आठवड्यात तसला खुलासा करत बसणं कुणालाच नको असतं. परवानगी दुपारी आली. मग फक्त घरच्या फोल्डरांवर 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' केलं आणि लॅपटॉप चार्जरला लावून, झोपू नये अशी सेटिंग करून, रात्रभर ठेवला. मंगळवारी सकाळी बहुतेक गोल भरीव हिरवे झाले होते. उरलेले संध्याकाळपर्यंत झाले. मग सगळं वनड्राइव्हच्या बाहेरच्या एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी केलं, 'कट' नव्हे. तिथून हार्ड डिस्कवर. मग इकडून तिकडून वीस फायली उघडून पाहिल्या. एक व्हिडिओ अर्धाच उतरला होता, तो पुन्हा घेतला. बुधवारी रात्री कंपनीच्या कपाटातलं घरचं सामान काढलं आणि अगदी शेवटी खातं तोडलं.

तपासायला म्हणून तिने जी रेकॉर्डिंग वाजवली ती चिमणीच्या घराची गोष्ट होती. मध्येच आजोबा खोकतात आणि धाकटी नात म्हणते, "आबा, पाणी प्या." आम्ही दोघी फोनवर काही वेळ काहीच बोललो नाही.

आखातात आपला मुक्काम नोकरीशी बांधलेला असतो. इथला रहिवास, घरभाडं, शाळा, सगळ्याला नोकरीचा धागा असतो. त्या धाग्याला घरच्या आठवणी आणि कागदपत्रंही बांधून ठेवू नयेत. आजच घरच्या लॅपटॉपवरचं खातं कुणाचं आहे ते पाहा. ऑफिसची मेल ब्राउझरमध्ये पाहा, आणि 'सगळ्या ॲपमध्ये याच खात्याने साइन इन करू का' असं विचारलं की नाही म्हणा. मुलांच्या शाळेच्या खात्यालाही हेच लागू. शाळा बदलली की तेही बंद होतं.

मॅक वापरणाऱ्यांसाठी

मॅकवाल्यांनी हसू नये. मार्च २०२२मध्ये आलेल्या मॅकओएस १२.३पासून क्लाउडच्या ॲपनी काम करण्याची पद्धत बदलली. त्यांचे फोल्डर 'लायब्ररी'मधल्या 'क्लाउडस्टोरेज' या जागी जाऊन बसले. लायब्ररी एरवी लपलेली असते, म्हणून जुन्या जागी शोधणाऱ्यांना काही सापडत नाही. आयक्लाउडमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ठेवण्याची सोय २०१६पासून आहे. ती बंद केली की मॅकवरचे हे दोन्ही फोल्डर रिकामे दिसतात, पण फायली आयक्लाउड ड्राइव्हमध्ये असतात. तिथून त्या स्वतः उचलून आणायच्या. 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर मॅकवरही पाट्याच असतात. २०२४च्या मॅकओएस सिक्वोयापासून फाइलवर उजवी टिचकी मारून 'कीप डाउनलोडेड' म्हणता येतं. महत्त्वाच्या फोल्डरांना ते करून टाका.

दिवाळीच्या आवराआवरीत एक तास

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे लोकप्रिय झालेला एक साधा नियम आहे: तीन, दोन, एक. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला तर तो नियम फारच सोपा आहे, कारण आपलं दुसरं ठिकाण आधीच ठरलेलं आहे. एक प्रत लॅपटॉप आणि क्लाउडवर, एक इथल्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि एक हार्ड डिस्क माहेरी किंवा सासरी. दर जूनमध्ये नवी भरून न्यायची, जुनी परत आणायची. लोणच्याच्या बरण्यांसारखी अदलाबदल. डिस्क हातातल्या बॅगेत ठेवा, आणि कागदपत्रं असल्याने तिला पासवर्ड लावा. वर्षातून एकदा ती उघडून पाहा.

गावी आई-बाबांची खातीही डोळ्याखालून घाला. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३पासून अमलात आलं आहे. आबांच्या जुन्या खात्यात त्यांचे फोटो असतील तर अधूनमधून त्यात साइन इन करा.

आणि पुढचं मोठं अपडेट दिसलं की लगेच हो म्हणू नका. गुरुवारी संध्याकाळी सिंक पूर्ण झालं आहे का ते पाहा, डिस्कवर प्रत घ्या, कोणत्या खात्यात काय आहे ते एका कागदावर लिहा. शुक्रवारी सकाळी निवांत अपडेट करा. काही अडलं तर हाताशी शनिवार असतो. मुलांच्या परीक्षेच्या किंवा नोकरी बदलण्याच्या आठवड्यात तर अपडेटला हातच लावू नका.

फराळाचे डबे भरून झाले की एक तास काढा. शंका राहिली तर शुक्रवारी मराठी वर्गानंतर मला गाठा, लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही घेऊन. चकली आणलीत तर तीही चालेल.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!